‘उद्या या’ म्हणण्याआधी



इथे मी सहसा शुगर, बीपी, थायरॉईड, गुडघेदुखी अशा विषयांवर लिहितो. आजचा लेख थोडा वेगळा आहे. गेल्या महिन्यात एक ओळखीचे गृहस्थ दवाखान्यात आले होते. स्वतःची तपासणी झाल्यावर उठता उठता म्हणाले, “डॉक्टर, सीबीएसजवळ एक म्हातारा पडून असतो. पायाला मोठी जखम आहे, माश्या घोंगावतात. आम्ही रोज त्याला काहीतरी खायला देतो. अजून काय करायचं?”

प्रश्न साधा होता, पण उत्तर दोन मिनिटांत देता येईना. कारण मला एक जुनी गोष्ट आठवली. ती सांगायला मला आजही जड जातं, पण सांगतो. तिच्याशिवाय पुढचं काही नीट समजणार नाही.

तात्या

1996 साली मी मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात इंटर्न होतो. सर्जरीच्या ओपीडीत ड्रेसिंगच्या टेबलावर माझी ड्यूटी असायची. एके दिवशी ओपीडी संपली होती, मी हात धुऊन जेवायला निघालो होतो. तेवढ्यात साठीचे एक गृहस्थ दाराशी येऊन उभे राहिले. उजव्या पायाला मळकं फडकं गुंडाळलेलं. फडक्याखाली काय असणार, हे वासावरूनच कळत होतं. मी लांबूनच सांगितलं, “ओपीडी संपली. उद्या सकाळी केसपेपर काढून या.”

“उद्या म्हंजे किती वाजता, साहेब?”

बोलण्याचा हेल ओळखीचा वाटला. मी विचारलं, “गाव कुठलं तुमचं?”

“आजरा.”

माझं आजोळ गडहिंग्लजचं. एवढ्या मोठ्या मुंबईत आपल्याकडचा माणूस भेटला म्हणून मला बरं वाटलं, पण टेबलाकडे परत फिरण्याइतकं नाही. “आठ वाजता या, तात्या,” एवढंच म्हणालो. तात्या म्हटलं म्हणजे आपण आपुलकीनं वागलो, अशी माझी समजूत.

ते भिंतीला धरून वळले आणि जाता जाता म्हणाले, “येतो. पर मधली रात कुठं काढू, तेवढं सांगा की.”

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी तात्या आले नाहीत. चौथ्या दिवशी आले, ते टॅक्सीतून. निळ्या काठाची पांढरी साडी नेसलेल्या दोन सिस्टर्सनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरलं होतं. जखमेत अळ्या पडल्या होत्या, शुगर चारशेच्या वर होती आणि पाऊल काळं पडलं होतं. गुडघ्याखाली पाय काढावा लागला. पहिल्याच दिवशी भरती केलं असतं तर पाय वाचला असता का? छातीठोकपणे सांगता येणार नाही. कदाचित एखाद्या बोटावर भागलं असतं. पण ती संधी गेली, आणि ती मी घालवली.

वॉर्डात रोज ड्रेसिंग करताना त्यांची कहाणी तुकड्यातुकड्यांनी कळली. गिरणीत नोकरी. 1982 च्या 18 जानेवारीला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार त्या संपात उतरले होते, त्यातले हे एक. गिरणी परत उघडली नाही. भाडं थकलं, खोली गेली, पुढे बायको गेली. मिळेल ते काम करत करत भायखळ्याच्या पुलाखाली मुक्काम पडला. “गावाकडं का नाही गेलात?” असं मी विचारलं, तेव्हा म्हणाले, “मनीऑर्डर धाडणारा माणूस मी. रिकाम्या हातानं काय तोंड दाखवू?”

डिस्चार्जचा दिवस आला. कागदावर ‘पत्ता’ असा रकाना असतो. तिथे पेन टेकवून मी थांबलो. शेजारी उभ्या असलेल्या सिस्टर म्हणाल्या, “लिहा, आशा दान, सांकली स्ट्रीट, भायखळा.”

आशा दान

आशा दान हे मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटी या कॅथलिक संस्थेचं मुंबईतलं घर. 1976 साली हिंदुस्तान लिव्हर कंपनीनं भायखळ्यातली आपली सुमारे 72,500 चौरस फुटांची जागा यासाठी दिली. टाकून दिलेली बाळं, अपंग मुलं, निराधार स्त्री-पुरुष, पुढे एचआयव्ही झालेले रुग्ण, ज्यांना कुणीच घेत नाही अशी माणसं तिथे राहतात. इमारतीची देखभाल कंपनी करते, माणसांची देखभाल सिस्टर्स.

तात्यांच्या पायाचं ड्रेसिंग करायचं निमित्त करून मी पुढचे काही महिने रविवारी तिथे जात राहिलो. खरं तर अपराधी वाटत होतं म्हणून जात होतो. मेडिकल कॉलेजात पाच वर्षांत जे शिकलो नव्हतो, ते तिथे पाहायला मिळालं.

नवीन माणूस आला की आधी अंघोळ. केस कापणं, नखं काढणं, स्वच्छ कपडे. मग थोडं खाणं आणि खाट. औषधाची वेळ झाली की गोळी हातात आणि पाण्याचा पेला समोर. गोळी गिळेपर्यंत कुणीतरी उभं. यात काय विशेष, असं तुम्हाला वाटेल. तुमच्या-माझ्या घरी आई किंवा बायको हे न सांगता करते. म्हणूनच डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी कामाला येते. ज्याच्यासाठी हे करणारं कुणी नाही, त्याच्या हातात ती चिठ्ठी नुसता कागद असतो.

आता यातल्या काही गोष्टी डॉक्टर म्हणून समजावून सांगतो.

जखम का चिघळते?

बरीच वर्षं शुगर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. काच टोचली तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून माणूस त्याच पायावर चालत राहतो. जखम भरायला तीन गोष्टी लागतात: रोजची स्वच्छता, ताब्यातली शुगर आणि पायावर भार न देणं. फूटपाथवर राहणाऱ्याला यातली एकही जमत नाही. पोलीस आले की उठा, पाऊस आला की उठा, दुकान उघडलं की उठा. इन्सुलिन थंड जागी ठेवायचं, तर ठेवणार कुठे? आशा दानमध्ये तात्यांची जखम भरली. तिथलं औषध आमच्या वॉर्डातल्यापेक्षा वेगळं नव्हतं. तिथे त्यांना खाट होती, आणि त्या खाटेवरून कुणी उठवणार नव्हतं.

उपाशी माणसाला एकदम जेवायला का घालू नये?

एका रविवारी मी नवीन आलेल्या एका अगदी हाडकुळ्या माणसासाठी केळी आणि पेढे घेऊन गेलो. सिस्टरनी पुडा बाजूला ठेवून दिला आणि त्याला वाटीभर पातळ पेज दिली. मला जरा राग आला. नंतर पुस्तक उघडलं, तेव्हा चूक कळली.

बरेच दिवस पोटात अन्न नसलेल्या शरीराला अचानक भरपूर भात, साखर, गोड मिळालं की इन्सुलिन एकदम वाढतं. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्यानं पेशींत ओढलं जातं. रक्तातली पातळी घसरते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ‘ब-1’ जीवनसत्त्वाची कमतरता असेल, विशेषतः दारूचं व्यसन असेल, तर मेंदूलाही इजा होते. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटका झालेल्या उपाशी कैद्यांमध्ये हा प्रकार ठळकपणे दिसला होता. म्हणून फार खंगलेल्या माणसाला आधी थोडं थोडं, पातळ आणि वारंवार द्यावं, आणि शक्य तितक्या लवकर रुग्णालयात न्यावं.

अन्नाचा हा धडा या संस्थेला सुरुवातीलाच मिळाला होता. 1948 साली मदर तेरेसा कॉन्व्हेंट सोडून गरिबांत काम करायला निघाल्या, तेव्हा त्या आधी पाटण्याला मेडिकल मिशन सिस्टर्सच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये रुग्णसेवेचं प्राथमिक शिक्षण घ्यायला गेल्या. गरिबांसारखंच आपणही मीठ-भात खाऊन राहायचं, असा त्यांचा विचार होता. तिथल्या सिस्टर्सनी त्यांना खडसावलं, की असं केलंत तर तुमच्या मुली क्षयानं मरतील आणि सेवा कुणाचीच होणार नाही. त्यांनी ते ऐकलं. मेडिकल मिशन सिस्टर्स ही संस्था 1925 साली डॉ. ॲना डेंगल या ऑस्ट्रियन डॉक्टरनं काढली होती. पुरुष डॉक्टरांसमोर न येणाऱ्या बायका उपचाराविना मरताना तिनं रावळपिंडीत पाहिल्या होत्या. तेव्हा चर्चच्या नियमानुसार नन्सना पूर्णपणे वैद्यकी करता येत नव्हती. ती परवानगी 1936 साली मिळाली.

टीबीची गोळी आणि पत्ता

टीबीचं साधं औषधही किमान सहा महिने चालतं. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, आणि नेमकं तेव्हाच औषध सुटतं. अर्धवट औषधानं जंतू मुरतात आणि पुढे त्याच गोळ्यांना दाद देत नाहीत. आज सरकार टीबीच्या रुग्णाला मोफत औषध देतं आणि पोषणासाठी दरमहा पैसे देतं. नोव्हेंबर 2024 पासून ही रक्कम 500 वरून 1000 रुपये झाली. पण ती बँक खात्यात जमा होते. ज्याच्याजवळ खातं नाही, आधार नाही, उद्या तो कुठे सापडेल हे सांगता येत नाही, त्याच्यापर्यंत ती सहज पोचत नाही. कुणीतरी त्याचा पत्ता व्हावं लागतं.

सगळं चांगलंच होतं का?

हा प्रश्न तुमच्या मनात येणार, आणि यायलाच हवा. 1994 साली लॅन्सेटचे संपादक डॉ. रॉबिन फॉक्स यांनी कोलकात्याच्या कालीघाट इथलं ‘निर्मल हृदय’ पाहून लिहिलं होतं. हे घर 1952 साली सुरू झालेलं, मरणाच्या दारातल्या निराधारांसाठीचं. त्यांनी तिथल्या प्रेमळ शुश्रूषेची दखल घेतली, पण आजाराचं निदान नीट होत नाही आणि मरणासन्न रुग्णांना प्रभावी वेदनाशामकं मिळत नाहीत, असंही स्पष्ट लिहिलं. डॉक्टर म्हणून मला ही टीका योग्य वाटते. बरा होऊ शकणारा माणूस आणि शेवटच्या टप्प्यातला माणूस यांतला फरक ओळखायला तपासणी लागते. कॅन्सरच्या वेदनेला मॉर्फिन लागतं, नुसता हात धरून भागत नाही. मात्र तात्या माझ्या दाराशी आले तेव्हा माझ्याजवळ पदवी होती, औषधं होती, आणि हात धरायला कुणी नव्हतं. दोन्ही लागतात.

धर्माबद्दलही लोक विचारतात. मी पाहिलं तेवढंच सांगतो. आशा दानमध्ये प्रार्थना होत असे. तात्यांच्या उशाशी ज्योतिबाचा फोटो होता, तो शेवटपर्यंत तिथेच राहिला.

त्या निळ्या काठाच्या साड्यांबद्दल एक गोष्ट मला नंतर कळली. त्या बंगालमधल्या टिटागडच्या ‘गांधीजी प्रेम निवास’ या केंद्रात कुष्ठरोग झालेली माणसं हातमागावर विणतात. आपल्याकडे शेंडा पार्कच्या कुष्ठधामाचं नाव काढलं तरी तोंड वळवणारी माणसं मी पाहिली आहेत.

घर जाण्याआधी

आशा दानसारखं घर हे शेवटचं टोक झालं. तात्यांचा पाय खरं म्हणजे 1982 साली, भाडं थकलं तेव्हाच धोक्यात आला होता. त्या वेळी कुणी त्यांच्या खोलीवर जाऊन दोन महिन्यांचं भाडं किंवा रेशन भरलं असतं, तर?

कॅथलिक समाजात अशा कामासाठी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी आहे. 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं मित्रांना घेऊन ती सुरू केली. आदल्याच वर्षी त्या शहरात कॉलऱ्यानं थैमान घातलं होतं. आज मुंबईच्या अनेक चर्चमध्ये तिचे गट आहेत. पद्धत सोपी: दोघंदोघं मिळून गरजू कुटुंबाच्या घरी जायचं, बसायचं, बोलायचं, आणि काय कमी आहे ते पाहून रेशन, औषध किंवा शाळेची फी द्यायची. त्यांनी आपल्याकडे यावं म्हणून वाट पाहायची नाही. आम्हा डॉक्टरांची ‘व्हिजिट’ बंद झाली, तेव्हापासून रुग्णाचं घर कसं आहे हेच आम्हाला कळेनासं झालं.

पुण्याजवळचं माहेर

सिस्टर लुसी कुरियन यांची गोष्ट मी वाचली, तेव्हा रात्रभर झोप लागली नाही. 1991 साली त्या पुण्यात स्त्रियांसाठी काम करत होत्या. एक गर्भवती बाई आसरा मागायला आली. नवरा जिवावर उठला होता. ठेवून घ्यायला जागा नव्हती आणि तसा अधिकारही नव्हता, म्हणून सिस्टर म्हणाल्या, उद्या या, काहीतरी करू. त्या रात्री नवऱ्यानं तिला पेटवलं. आई आणि पोटातलं बाळ, दोघंही वाचली नाहीत.

त्या सल मनात ठेवून बसून राहिल्या नाहीत. 1997 च्या फेब्रुवारीत त्यांनी वढू बुद्रुक इथे ‘माहेर’ सुरू केलं. त्या स्वतः कॅथलिक संन्यासिनी, पण माहेरमध्ये सगळ्या धर्मांचे सण होतात आणि जात विचारली जात नाही. नावही किती नेमकं! सासरी कितीही बिनसलं तरी मध्यरात्री ज्याचं दार वाजवता येतं ते माहेर. ते दार ‘उद्या ये’ म्हणत नाही.

1996 सालीच, मी तात्यांना परत पाठवलं त्याच वर्षी, सर्वोच्च न्यायालयानं एक महत्त्वाचा निकाल दिला होता. पश्चिम बंगालमधला एक शेतमजूर रेल्वेतून पडून डोक्याला मार लागला होता. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला खाट नाही म्हणून परत पाठवलं. तातडीचे उपचार वेळेत न देणं म्हणजे जगण्याच्या हक्कावर घाला, असं न्यायालयानं बजावलं. मला तो निकाल तेव्हा माहीत नव्हता.

आता कोल्हापूर

आपलं शहर उपाशी कुणाला ठेवत नाही. अंबाबाईच्या देवळाजवळ अन्नछत्र चालतं. 2019 आणि 2021 च्या महापुरात गल्लीगल्लीतून भाकरी गोळा झाल्या, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. द्यायला आपला हात सैल आहे. पण स्टेशनवर, सीबीएसवर, पंचगंगेच्या घाटावर झोपणाऱ्या माणसाला भाकरीनंतरही तात्यांचाच प्रश्न उरतो: मधली रात्र कुठे काढू?

नागरी बेघरांसाठी एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांचा एक कायम निवारा हवा, असा आपल्या देशात निकष आहे. 2011 च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती. त्या हिशेबानं आपल्याला पाच तरी हवेत. आपल्या नगरसेवकाला रस्त्याबद्दल, पाण्याबद्दल आपण विचारतो, तसं हेही विचारावं.

आणि त्या गृहस्थांच्या प्रश्नाचं उत्तर असं:

• जखम स्वच्छ, कोरड्या कापडानं झाका. अळ्या दिसल्या तरी रॉकेल, फिनेल, पेट्रोल ओतू नका. कातडी जळते आणि जखम वाढते.

• 108 ला फोन करा, रुग्णवाहिका मोफत येते. सीपीआरला न्यायचं तर शक्यतो सोबत जा. नातेवाईक नाही म्हणून तातडीचा उपचार नाकारता येत नाही. सोबत कुणी असलं की माणूस रांगेत हरवत नाही.

• माणूस बडबडत असेल, कपड्यांची शुद्ध नसेल, तर त्याला वेडा म्हणून हाकलू नका. तो आजारी आहे. 112 वर पोलिसांना कळवा. मानसिक आरोग्य कायदा 2017 नुसार अशा माणसाला संरक्षण देऊन 24 तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेणं पोलिसांचं कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही.

• मूल असेल तर 1098. वृद्ध असेल तर 14567.

• खायला देताना आधी विचारा: “शुगर आहे का? शेवटचं कधी जेवलात?” शुगरवाल्याला रोज जिलेबी देऊन पुण्य लागत नाही.

• नाव विचारा. गाव विचारा. कधी कधी गावाकडे कुणीतरी अजून वाट पाहत असतं.

तात्यांच्या बाबतीत होतं. इंटर्नशिप संपवून मी परत आलो, तेव्हा त्यांच्या पुतण्याला शोधून काढलं. तो भायखळ्याला जाऊन भेटून आला, घरी चला म्हणाला. तात्या गेले नाहीत. आशा दानमध्ये त्यांना एक काम मिळालं होतं, धुतलेल्या बँडेजच्या पट्ट्या गुंडाळायचं. मी शेवटचा भेटलो तेव्हा मांडीवर पट्ट्यांचा ढीग घेऊन बसले होते. मला म्हणाले, “डॉक्टरसाहेब, ह्या पट्ट्या कुणाला तरी लागत्यात. मी गेलो तर गुंडाळणार कोण?” पुढे दोन वर्षांनी ते तिथेच वारले.

ते ओळखीचे गृहस्थ आणि मी त्याच संध्याकाळी सीबीएसवर गेलो. म्हातारबाबांना सीपीआरला भरती केलं. पायाचं एक बोट काढावं लागलं, पाय वाचला. डिस्चार्ज जवळ आलाय आणि पत्त्याचा रकाना अजून रिकामा आहे. तुमच्यापैकी कुणाच्या ओळखीत कोल्हापूर किंवा सांगलीकडे निराधार वृद्धांना ठेवून घेणारी जागा असेल, कुठल्याही धर्माची, कुठल्याही संस्थेची, तर दवाखान्यात येऊन सांगा. आज आलात तर बरं.